डिंपल पुन्हा बिनलग्नाची झाली

चंद्रपूरला पठाणपुरा गेटाच्या आत घनश्याम मारबतेचा कॉम्प्युटर क्लास होता. आमच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजात कॉम्प्युटर उघडून पुन्हा जोडणारा तो पहिलाच माणूस. जोडल्यावर एखाद-दोन स्क्रू उरायचे. ते कंपनी जास्तीचेच देते, असं तो सांगायचा आणि आम्ही मान डोलवायचो. मी समाज मंडळाचा सचिव. कॉम्प्युटर चालू आहे की बंद, एवढंच मला ओळखता यायचं, आणि त्यातही कधी कधी चूक व्हायची.

२००५ च्या सुमारास घनश्यामच्या घरी ब्रॉडबँड आलं आणि त्याने समाजाची वधू-वर वेबसाईट काढली. गावोगावची मंडळी पोस्टाने फोटो आणि माहिती पाठवत, तो फोटो स्कॅन करून साईटवर चढवायचा. नागपूरची एक कंपनी साईट ठेवायला भाड्याने जागा देत होती, पण घनश्यामला ते पटलं नाही. आपली साईट दुसऱ्याच्या मशीनवर ठेवणं म्हणजे आपली मासोळी दुसऱ्याच्या टोपलीत टाकणं, असं त्याचं मत. म्हणून एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर होऊन त्याच्या घरी स्वयंपाकघराशेजारच्या कोपऱ्यात बसला.

घरातल्या कोणापेक्षा त्याचीच बडदास्त जास्त. पंख्यात कोळशाची धूळ साचायची, ती घनश्याम रंगाच्या ब्रशने झाडायचा. उन्हाळ्यात कूलरचं तोंड सर्व्हरकडे, आणि बायको मैना व पोरं अंगणात ओल्या चादरी घेऊन झोपायची. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते, तरी लाईट जायची. लाईट आली की साईट नीट उठली का ते पाहायला घनश्याम लग्नाच्या पंगतीतूनही घरी पळायचा. माझ्या बाळंतपणात एवढं पळाला नाही, असं मैना म्हणायची. हे तोच सगळ्यांना हसत सांगायचा.

मंडळाच्या सभेत तो आम्हाला सल्ले द्यायचा. पासवर्ड भिंतीवर लिहू नये. चालत्या मशीनला उगाच हात लावू नये. सगळ्यात मोठा सल्ला बॅकअपचा, म्हणजे साईटची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवण्याचा. त्याने तशी सोयच करून ठेवली होती. दर आठवड्याला प्रत आपोआप निघायची. निघते का, हे मात्र त्याने कधी उघडून पाहिलं नाही. आपोआप होणाऱ्या कामात नाक खुपसायचं नाही, असंही त्याचं एक मत होतं.

२००७ च्या मे महिन्यात सर्व्हरची डिस्क आधी खरखरली, मग टकटकली आणि मग गप्प झाली. घनश्याम घाबरला नाही. नवी डिस्क बसवून बॅकअप परत चढवायला गेला, तेव्हा कळलं की बॅकअपची डिस्क दीड वर्षापूर्वीच भरली होती. मशीन दर आठवड्याला 'जागा नाही' असं इमानदारीने लिहून ठेवत होतं, पण वाचतो कोण? जे होतं ते त्याने चढवलं आणि सगळं परत आलं म्हणून मला फोन केला. दीड वर्षापूर्वीचं सगळं खरंच आलं होतं. मधल्या काळात लग्न झालं म्हणून काढून टाकलेली नावंसुद्धा.

त्यातच सिंदेवाहीजवळची डिंपल होती. आरमोरीकडच्या एका कुटुंबाने साईटवर तिचा फोटो पाहिला. दिलेला फोन लागेना, पत्ता मात्र होता, म्हणून ते थेट मुलगी पाहायला तिच्या बापाच्या घरी गेले. डिंपल नेमकी माहेरी आलेली. पाहुणे आहेत म्हणून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, कडेवर तान्हं लेकरू. पाहुण्यांनी मुलगी कुठे आहे विचारलं. बापाने हीच म्हणून सांगितलं. पाहुणे चहा पिऊन उठले, पण त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईने लेकराच्या हातात नारळ ठेवला. आणलेला परत कसा न्यायचा?

पुढच्याच आठवड्यात डिंपल नवऱ्याला, भूपेशला, घेऊन घनश्यामच्या क्लासवर आली. मी तिथेच होतो.

"भाऊ, तुमच्याइथी मी अजून बिनलग्नाचीच आहो म्हन्ते," ती म्हणाली.

घनश्याम डिस्क, बॅकअप, जुनी प्रत असं समजावू लागला. भूपेशने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते समजलं," तो म्हणाला. "पन मंग मी कोन?"

घनश्यामने तिथल्या तिथे डिंपलचं नाव काढलं. जाताना तिने बाकीच्यांचं काय, म्हणून विचारलं, आणि घनश्याम परत आलेल्या नावांची यादी काढून एकेकाला फोन लावू लागला.

निम्मे फोन लागत नव्हते. घरोघर जाण्यावाचून इलाज उरला नाही. माझ्या मोटारसायकलवर आम्ही मूल, नागभीड, चिमूर असे तालुके फिरलो. बहुतेकांची लग्नं झालेली. दारात उभं राहून 'तुमच्या पोराचं लग्न झालं का हो?' असं विचारणारा घनश्याम पाहून लोक मला बाजूला घेऊन विचारत, हा बरा आहे ना.

चिमूरकडे तलावाकाठच्या एका गावात आम्ही लटारूभाऊंच्या घरी गेलो. त्यांच्या सोनूचं नाव साईटवर होतं. भाऊ घरी नव्हते. सोनूच्या आईने बाज टाकली, पाणी दिलं. घनश्यामने हसतच नेहमीचा प्रश्न विचारला.

"सोनू मांगच्या पानकाळ्यात गेला, भाऊ. तापानं," ती म्हणाली.

घनश्यामने हातातली यादी घडी घालून खिशात ठेवली. मग तीच म्हणाली, "त्याचा थो फोटो तुमच्यापाशी असन का जी? आमच्याजवळ दुसरा नाई."

पोस्टाने आलेले मूळ फोटो घनश्यामने कूलरजवळच्या फळीवर रचून ठेवले होते. ओलीने ते एकमेकांना चिकटून गेले होते, सोनूचाही. साईटवरचा तेवढा उरला. घनश्यामने तो स्टुडिओत मोठा करून, चौकट लावून घेतला आणि आम्ही पुन्हा गेलो. आईने पदराने काच पुसली. केस विंचरले नव्हते त्यानं, म्हणाली, आणि बराच वेळ पाहत राहिली. नाव घनश्यामने साईटवरून काढलं, पण फोटो आजही जपून ठेवला आहे.

दिवाळीआधी साईट नागपूरच्या भाड्याच्या जागेत गेली. आता घनश्याम दर दोन-तीन महिन्यांनी घरोघर फोन लावतो, न लागला तर स्वतः जातो. त्या फिरण्यात त्याला पोरी-पोरं, त्यांचे मामा, रुसवे सगळे पाठ झाले आणि तो तोंडीच स्थळं सुचवू लागला. लोक त्याला साईटवाला म्हणायचे सोडून सोयरिका जमवणारा म्हणू लागले. वेबसाईटमुळे किती लग्नं जमली, असं मंडळात कोणी विचारलं, तर तो खरं तेच सांगतो: बहुतेक लग्नं ती एकदा बंद पडली म्हणून, घरोघर फिरताना जमली.