फणसाचा ओला पाट

घरी हौसेनं सुतारकाम करू पाहणारे लोक मला विचारतात, सुरुवातीला कोणतं हत्यार घ्यावं. मी सांगतो, हत्यार नंतर घ्या, आधी लाकूड घेऊन ठेवा आणि ते विसरून जा. फळी कापून आणली की तिच्या दोन्ही टोकांना मेण फासावं, म्हणजे टोकं घाईनं सुकून फाटत नाहीत. खाली काठ्या घालून ती सावलीत, वाऱ्यावर आडवी ठेवावी आणि निदान एक उन्हाळा तिच्यावरून जाऊ द्यावा. लोक मान हलवतात आणि पटाशी कुठली चांगली ते विचारतात. मी त्यांना दोष देत नाही. मलाही हे सांगणारं माणूस भेटलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी मालवणात एका कचेरीत कारकून होतो आणि शनिवारी संध्याकाळी कर्लीच्या खाडीकाठच्या आमच्या घरी येत असे. रविवार माझ्या हौसेचा. स्टूल, खुंटाळी, पाट, मिसळणाचा डबा असं काहीबाही करायचो. त्यातच चामड्याचा नाद लागला. पिशव्या शिवायला लागलो. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घ्यायच्या, आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही समोरासमोर काढायच्या, म्हणजे एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. दोऱ्याला मेण लावायचं. हे काम मला लाकडाहून बरं जमत असे. पण आमच्यासारख्या घरात ते कुणाला आवडण्यातलं नव्हतं. आई एकदाच बोलली होती, "तां कातडां खळ्यात काय करूचां तां कर. उंबऱ्याच्या आत हाडू नको." मी अंगणातल्या पेळेवर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, बसून शिवत असे.

त्या वर्षी माझ्या बायकोला दिवस होते. त्याआधी दोनदा राहिले होते आणि दोनदा गेले होते. आई तिला वाईट बोलत नसे, पण घरात जे काही सांडे, फुटे किंवा विझे, तिकडे आधी आईची नजर जाई आणि मग बायकोच्या पोटाकडे. शेजारणींचंही तसंच. समईची वात फडफडली तरी कुणीतरी गप्प होई. बायकोनं स्वतः काचेची बरणी उचलणं सोडून दिलं होतं.

अशा वर्षी मी गणपतीचा पाट नवा करायला घेतला.

आमच्याकडे गणपतीचा पाट घरचा असतो. आषाढात तो शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या मांडवात, नेऊन द्यायचा. मूर्तिकार त्याच पाटावर माती चढवतो आणि चतुर्थीला पाटासकट गणपती घरी येतो. मूर्ती पाटावरून सुटी होत नाही. घरातला पिढीजात पाट एका कडेला वाळवीनं पोखरला होता, पण चालण्यासारखा होता. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. त्याला दाखवण्यासारखं काहीतरी माझ्या हातून व्हावं असं मला वाटलं. खरं कारण तेवढंच.

ज्येष्ठाच्या वादळात परड्यातला फणस पडला होता. त्याची फळी कापून घेतली. कापणाऱ्यानं सांगितलं, "ह्या आता पाटाक वापरू नको. पुढच्या साली वापर." फळी पिवळीधमक, हाताला गार लागत होती. तो गारवा म्हणजे आतलं पाणी, हे मला माहीत होतं. मी ती रंधली. खाली आडव्या दोन पट्ट्या सरस लावून, दोन्ही टोकांना स्क्रू आवळून घट्ट बसवल्या. इथे दुसरी चूक. लाकूड सुकताना आडवं आकसतं. त्याला आकसायला जागा हवी. म्हणून जुने सुतार पाटाच्या खाली खाच करून पट्टी नुसती सरकवतात, सरस लावत नाहीत. मी फळीला दोन्हीकडून जखडून टाकली होती.

चतुर्थीच्या सकाळी, सणाला मुंबईहून आलेला भाऊ आणि मी होडीनं खाडीपलीकडे गेलो. शाळेत गर्दी होती. मूर्तिकारानं आमचा गणपती कोपऱ्यात वेगळा ठेवला होता. तो मला बघताच म्हणाला, "पाट खंयसून हाडलंस?"

"मीच केलंय."

"तरीच." त्यानं खाली वाकून दाखवलं. पाटाच्या मधोमध, लांबीच्या दिशेनं, एक चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. पावसात माती सुकेना म्हणून त्यानं शेगड्या लावल्या होत्या. धगीनं ओलं लाकूड भराभर आकसलं, पट्ट्यांनी त्याला आकसू दिलं नाही, आणि ते फाटलं. एका पट्टीचं टोकही स्क्रूपाशी उकललं होतं. "दोन दिस कडकड आवाज करी होतो," तो म्हणाला.

"दुसऱ्या पाटार घेवक येयत?" मी विचारलं.

"माती सुकली हा. काढूक गेलंस तर पाय हंयच रवतले. हळू नेवा."

भावानं चीर बघितली, माझ्याकडे बघितलं. "कारकुनान केलेलो पाट. फायलीसारखो उघडता," तो म्हणाला. मग त्याला घर आठवलं असावं, कारण तो हसला नाही.

मूर्तिकारानं पाटाच्या चारी कडांभोवती सुंभ गुंडाळून गाठ मारली, मूर्तीच्या तोंडावर रिवाजाप्रमाणे फडकं टाकलं. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी पाट धरला आणि होडीत बसलो. पाऊस भुरभुरत होता. होडी मध्यावर आली तेव्हा हेलकाव्यांनी सुंभाची गाठ सैल झाली. पाटाचे दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे किंचित मिटू लागले. माझ्या बोटांखाली मला ते कळत होतं. मूर्तीच्या बैठकीवर, उजव्या पायाच्या खाली, केसाएवढी रेघ दिसली.

"हलता," मी म्हणालो.

"माका दिसता," भाऊ म्हणाला. "तू हलू नको."

होडीवाला वल्हं थांबवून म्हणाला, "होडी मी सांभाळतंय. गणपती तुमी सांभाळा."

माझ्या खांद्याला मी शिवलेली पिशवी होती. तिचा पट्टा लांब, दुहेरी, पितळी बकलाचा. पाटाला चहूबाजूंनी वेढून आवळला तर चीर मिटणार हे मला दिसत होतं. आणि तो पट्टा चामड्याचा आहे हेही दिसत होतं. मी भावाकडे बघितलं.

"कातडां?" तो म्हणाला.

"दुसरां काय नाय."

त्यानं घरच्या काठाकडे बघितलं. "अजून पूजा होवची आसा. अजून माती आसा ती. पण भट येवच्या आधी तां सुटाक व्हया. आणि आयेक दिसता नये."

त्यानं पाट मांडीवर तोलून धरला. मी पट्टा सोडवला, पाटाच्या कडेनं फिरवला, बकलातून ओढला. चीर मिटली. पण ओलं चामडं ताणलं की लांबतं. घरचा काठ येईपर्यंत मला दोनदा पट्टा पुढच्या भोकावर न्यावा लागला. शेवटी भोकं संपली. मग मी खिशातल्या चाकूच्या टोकानं नवं पाडलं. होडी डुलत होती आणि माझ्या हातात, मूर्तीच्या पोटापाशी, उघडा चाकू होता.

दारात बायको तबक घेऊन उभी होती. गणपती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं, ओवाळायचं, फडकं दूर करायचं, हे तिचं काम. आई तिच्या मागे. बायकोनं पाणी घातलं. फडकं बाजूला करताना तिचा हात थांबला. तिला बक्कल दिसलं. तिनं फक्त तोंडावरचं फडकं मागे सारलं आणि बाकीचं पाटाभोवती खाली सोडलं. माझ्याकडे एकदाच बघितलं.

मूर्ती माजघरात, फळंपानं बांधलेल्या माटवीखाली चौरंगावर ठेवली. भटजी वाडीत आले होते आणि दोन घरं सोडून पूजा सांगत होते. त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. भाऊ आईला म्हणाला, "आये, चल, नैवेद्याचा बघूया," आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. तो स्वयंपाकघरात कधी जात नसे.

मी आत धावलो. मागच्या पडवीत न्हाणीच्या चुलीवरच्या माळ्यावर जुन्या खिडकीच्या सागवानी पट्ट्या होत्या, धुरानं खडखडीत सुकलेल्या. अशा घाईत नेहमी सुकंच लाकूड घ्यावं. ओल्यानं ओल्याला आवळता येत नाही. पाटाहून बोटभर मोठी अशी चार पट्ट्यांची चौकट करायची, पाटाभोवती, चामड्याच्या पट्ट्याखाली, जोडायची, आणि एका बाजूनं चौकट आणि पाट यांच्यामध्ये पाचरी घालायच्या, म्हणजे चीर मिटलेली राहील. चौकटीच्या कोपऱ्यांना अर्ध्या खाचा घेतल्या, गिरमिटानं भोकं पाडून बांबूच्या खुंट्या मारल्या. खाचा वाकड्या झाल्या. एरवी मी त्या टाकून दिल्या असत्या.

आता पाचरी. एकट्या पाचरीनं पाट तिरपा रेटला जातो. म्हणून दोन पाचरी समोरासमोर, एकीचं निमुळतं टोक दुसरीच्या जाड टोकाशी, अशा सरकवायच्या. हातोडी वापरायची नाही, तळव्यानंच दाबायचं, एकदा इकडून एकदा तिकडून. पण प्रत्येक दाबाबरोबर मूर्ती हलत होती. ती कुणीतरी धरायला हवी होती.

बायको येऊन माझ्यासमोर बसली आणि तिनं दोन्ही हात मूर्तीच्या बैठकीला लावले.

"तू नको," मी म्हणालो. "भावाक बोलवतंय."

"माझेच हात रवांदेत."

"काय झालां तर तुझ्या हातात होयत."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "तो होडीत मोडलो असतो तरी माझ्यारच इलो असतो. तुमच्या पाटार नाय. तुमका काय वाटला, माका कळूचा नाय? दाबा आता."

मी दाबत राहिलो. ती बैठकीवर बोटं ठेवून सांगत होती, "हलला. आता नाय. आता परत हलला." पाचरी जिथे थांबल्या तिथे मी पट्ट्याच्या बकलाला हात घातला. हे सगळ्यात वाईट. पट्टा सुटल्यावर चौकट धरते की नाही ते सोडल्याशिवाय कळणार नव्हतं. पलीकडच्या घरातली आरती संपत आली होती. मी बक्कल सोडलं. कुठेतरी लाकूड करकरलं. तिनं डोळे मिटले. चीर सुईच्या टोकाएवढी उघडली आणि तिथेच राहिली. पायाखालची रेघ वाढली नाही.

पट्टा मी सदऱ्याखाली घेतला आणि उठलो. तिनं माझा हात धरला. "आयेक सांगा," ती म्हणाली. "आता सांगा. मगे कोणी ही चौकट बघीत आणि इचारीत. तेव्हा आये माझ्याकडे बघतली."

मला ते नको होतं, हे मी लिहून ठेवतो. भटजी अंगणात आले होते. पूजा होऊन जाईल, दिवस निघून जातील, चौकट नवी शोभा म्हणून खपेल, असं माझ्या मनात आलं होतं. तिनं हात सोडला नाही म्हणून मी गेलो.

आई खोबरं खवत होती. भाऊ तिच्यासमोर उगाच बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. लाकूड ओलं होतं, मला माहीत होतं, तरी वापरलं, पाट फुटला, वाटेत कातड्याचा पट्टा बांधला, आता काढला. आईचा हात विळीवर थांबला. तिनं आधी बायकोकडे बघितलं. बायको दारात उभी होती. मग आईनं माझ्याकडे बघितलं.

"गणपतीक लागला?"

"पायाखाली रेघ आसा. बारीक."

"भटाक सांग," ती म्हणाली आणि पुन्हा खवायला लागली.

भटजींनी ऐकून घेतलं, पाटावर गोमूत्र शिंपडायला सांगितलं, आणि पुढच्या घराची घाई असल्यासारखे पूजेला बसले. दुपारी वाडीतल्या बाया दर्शनाला आल्या. त्यातल्या एकीनं चौकटीकडे बोट केलं. "ह्या काय गो? पाट फुटलो?" तिची नजर सवयीनं बायकोच्या पोटाकडे गेली.

आई उठली नाही. वाती वळता वळता माझ्याकडे मान उडवून म्हणाली, "झिलान ओलां लाकूड वापरल्यान. फळी कापणाऱ्यान सांगल्यान तरी ऐकूक नाय. कचेरीत काय शिकल्यान काय माहीत." बाया हसल्या. बायकोनं त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

गणपती आमच्याकडे पाच दिवस असतो. जो कोणी आला त्याला आईनं हेच सांगितलं, दर वेळी थोडं तिखट करून, आणि मी समोर बसून मान डोलावत राहिलो. बायको तेवढ्यात प्रसादाची वाटी भरून आणत असे.