आत्याची किळस

आत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. आदिलाबादकडच्या बोथहून, आत्याच्या गावाहून, तिच्या शेजाऱ्यांचा फोन आमच्या शाळेत आला, हेडमास्तरांनी मला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं आणि मी पर्स घेऊन तशीच निघाले. आमच्या मावल्याहून बस धरून पोचेपर्यंत दुपार कलली होती. ओट्यावर माणसं, दारात माणसं... आणि तिच्या स्वयंपाकघरात चपला घालून बायका चहा करत होत्या. एकीनं साखर बरोबर पडली का ते बघायला पळी तोंडाला लावली, चव घेतली आणि तीच पळी परत पातेल्यात बुडवली. मला रडू यायच्या आधी किळस आली. आत्या आतल्या खोलीत चादरीखाली निजली होती, आणि उठून ओरडत नव्हती, म्हणजे ती खरोखरच गेली होती. मी तो चहा घेतला नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या शोकसभेच्या, दिवशी तर कहर झाला. एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, बाई स्वच्छतेच्या मोठ्या भोक्त्या होत्या. बोलण्याआधी त्यांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा तिच्या तुळशीच्या कुंडीशेजारी थुंकला होता. भोक्त्या म्हणे! ती स्वच्छतेची भोक्ती वगैरे काही नव्हती. तिला किळस यायची. माणसांची, त्यांच्या तोंडांची, हातांची, त्यांच्या गोड बोलण्याचीसुद्धा. मेलेल्या माणसाबद्दल बरंच बोलावं अशी रीत आहे, पण ज्यांनी जन्मभर तिची थट्टा केली त्यांच्या तोंडून हार घातलेल्या फोटोसमोर ते बरं मला ऐकवेना. म्हणून खरं काय ते मीच लिहायला बसले आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बोथच्या मराठी शाळेत मास्तरीण होती. लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. नवऱ्याच्या तोंडाला तंबाखूचा वास यायचा म्हणून आले, असं ती सांगायची आणि पुढे विचारायची सोय ठेवायची नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला वाढवलं आत्यानंच. पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला घालून ती मीटिंगला जायची. लग्नाच्या पंगतीत बसायची, वाढू द्यायची, आणि पानाला हातही न लावता उठायची. आपल्याच वस्तीतले लोक टोमणे मारायचे, "मास्तरीणबाई त बामनाच्याई वर सोवळ्याची झाली!" आत्या गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "बामनाले दुसऱ्याची किळस येते," ती म्हणायची, "मले साऱ्याइचीच येते. माया इथं भेदभाव नाई." आम्ही हसायचो. त्या किळसेचं मूळ कुठं आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि ते विचारावं असंही कधी वाटलं नाही.

मग माझी प्रज्ञा झाली. आदिलाबादच्या दवाखान्यात बाळंतपण झालं आणि आत्या मला बोथला घेऊन आली. पोरगी धडधाकट होती, पण तिला पिता येईना. माझी स्तनाग्रं आत ओढल्यासारखी, सपाट. ती तोंड लावायची, धरायला काही सापडायचं नाही, आणि चिडून डोकं आपटायची. ओढून ओढून मला चिरा पडल्या. त्यातून रक्त यायला लागलं, छाती दगडासारखी झाली, पदराला आंबूस वास येऊ लागला आणि मला स्वतःच्याच अंगाची शिसारी यायला लागली. बाळंतपणाबद्दल जे गोड गोड लिहितात ना, त्यांना त्या खोलीत आणून बसवायला हवं होतं. शेजारणी सल्ले द्यायला येत. एक म्हणाली, पहिला चीक भिंतीवर पिळून टाकला नाही म्हणून हे झालं. गाईचा चीक गूळ घालून वाटीवाटीनं खातात, आणि बाईचा भिंतीवर! आत्यानं तिला दारातूनच वाटेला लावलं. पण पोरीच्या पोटात काही जात नव्हतं हे खरंच होतं. वाटी-चमच्यानं पिळून घातलेलं निम्मं गळ्यावरून ओघळायचं. पहिल्यांदा ती ओरडायची, मग कण्हायला लागली, आणि एका सकाळी तिनं नुसतं तोंड उघडलं... आवाज नाही.

तशीच आम्ही तिला घेऊन आदिलाबादला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी तपासलं आणि कपाटातून एक रबरी वस्तू काढून दिली. निपल शील्ड. रुंद काठाची छोटी टोपी, वर बाटलीच्या बोंडासारखं टोक आणि त्याला बारीक भोकं. ती उकळून घ्यायची, ओली करून छातीवर बसवायची, टोकात आधी थोडं दूध पिळून ठेवायचं म्हणजे लेकराला लगेच चव लागते. "थोड़े दिन का सहारा है अम्मा," त्या म्हणाल्या, "चमड़ी ठीक हुई, बच्ची में ताकत आई, तो धीरे-धीरे निकाल देना. लेकिन अभी भूखा नहीं रखना."

घरी आल्यावर आत्यानं कागदाची पुडी उघडली. टोपी बघितली आणि तिचा चेहरा असा झाला की मी तसा आधी कधी बघितला नव्हता. "शी व माय!" एवढंच म्हणाली आणि पुडी उचलून धान्याच्या कोठीवर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून दिली. मला टाके पडलेले, उठवत नव्हतं. मी म्हणाले, आत्या, पाणी उकळ. ती नाही म्हणाली. "आपल्या लेकराले आपलं अंग लागू नये? असं नाई होनार माया घरात." मला वाटलं, हा नेहमीचाच वेडेपणा. इतक्या वर्षांचा सगळा राग उफाळून आला. मी ओरडले, "तुझ्या किळसेनं पोर मरेल माझी! मग धुवत बस घर!"

आत्या खाटेच्या कडेला बसली. माझ्याकडे न बघता तिनं सांगायला सुरुवात केली. निजामाच्या काळातली गोष्ट, ती स्वतः फ्रॉकातली पोर होती तेव्हाची.

"गावच्या पटेलाची सून बाळंतीन झाली अन् तिले दूध आलं नाई. तुया बाप तवा मायच्या अंगावर पेत होता. पटेलानं मायले बलावलं. मांगच्या दारानं, गोठ्यात. मी संग गेलती. आंघोय कराले लावली तिले तिथं साऱ्याइच्या देखत. मंग एक फडकं देल्लं, मधात भोक पाडलेलं. ते छातीवर घ्याचं अन् भोकातून तेवढंच भायेर काढाचं. लेकरू पटेलाची मोलकरीन धरे. मायनं हात मांगं घेऊन बसाचं, लेकराले लावाचे नाई. दूध चाले तिचं... अंग नाई चाले."

ती थांबली.

"ते लेकरू पेतापेता हात मारे व फडक्यावर. अंग शोधे. लेकराले काय समजते? पेऊन झालं का मोलकरीन त्याचं तोंड पुसे, अन् ते फडकं काडीनं उचलून नेत. काडीनं! माया मायच्या अंगाचं फडकं. मी तवापासून कोनाच्या हातचं पानी पेली नाई."

खोलीत माशा घोंगावत होत्या, आणि प्रज्ञा तोंड उघडून पडली होती. मला त्या पटेलाची, त्या गोठ्याची, सगळ्या गावाची इतकी किळस आली की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना. लेकराला दूध पाजणाऱ्या बाईचा ज्यांना विटाळ होतो, त्यांच्या पोटात ते दूध पचलं तरी कसं? आत्यानं बराच वेळ पोरीकडे बघितलं आणि मग मला विचारलं, "ते फडकं लेकराले अंगापासून तोडाले होतं. हे जोडाले हाय का?"

"हो, आत्या."

ती उठली, पुडी खाली काढली आणि स्टोव्ह पेटवला.

पहिल्यांदा प्रज्ञानं रबराचा वास घेऊन तोंड फिरवलं. मी टोकात दूध पिळलं, तिच्या ओठांवर थेंब पाडले. मग तिनं धरलं. एक ओढ, दुसरी ओढ... आणि घशातून गटकन आवाज आला. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिला बघवत नव्हतं. पण कान इकडेच होते. "उतरून राह्यलं का पोटात?" तिनं विचारलं. उतरत होतं. त्यानंतर प्रत्येक वेळी टोपी तीच घासायची, उकळायची. माझ्या रक्ताची, पुवाची फडकीही तिनंच धुतली. नाकाला पदर लावून, मला शिव्या देत, पण धुतली.

पोरगी जराशी सावरली आणि नामकरणाला सासूबाई आल्या. सोबत माझ्या सासरच्या गावच्या बायका. मी पाजत होते, पदर सरकला आणि सासूबाईंना टोपी दिसली. त्यांनी ती ओढून काढली तशी प्रज्ञा किंचाळली. त्या काळी कुटुंब नियोजनवाले गावोगाव निरोध वाटत फिरायचे. कुणी ते वापरायचं नाही, पोरं त्यांचे फुगे करून उडवायची. आमच्याकडे रबर म्हटलं की बायकांना तेवढंच आठवायचं. "अव माय! निरोध हाय हे!" सासूबाई ओरडल्या. "सरकारचं रबर लेकराच्या तोंडात? पयली त पोट्टीच झाली, अन् ह्यानं हिची कूस बंद झाली मंग? माया पोराले पोरगा पायजे!" बायका तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. एकीनं चुलीजवळचा चिमटा आणून दिला. सासूबाईंनी खाली पडलेली टोपी चिमट्यात धरली, अंगापासून लांब, आणि चुलीकडे निघाल्या. दुसरी टोपी घरात नव्हती. माझ्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. मी "नको, नको" म्हणत उठायला गेले आणि पडले.

आत्या पिठाच्या हातानं आतून आली. तिनं तो चिमटा बघितला. पुढे होऊन तिनं चिमट्यातून टोपी काढून घेतली. जमिनीवर पडलेली, माझ्या दुधानं-रक्तानं माखलेली, पोरीच्या लाळेनं चिकट झालेली... आणि सरळ आपल्या तोंडात घातली. सगळ्यांच्या देखत ती चोखली. दोन्ही गाल आत गेले. माझ्या आत्यानं, जिनं जन्मात कुणाचा पेला ओठाला लावला नव्हता!

मग टोपी बाहेर काढून म्हणाली, "घ्या इहीनबाई. गेलं माया पोटात. मी मरून राह्यली का? लेकराचं ताट हाय हे. चिमट्यानं उचलाची चीज नाई. पुन्ना कोनी चिमटा लावला त मी त्याले लावीन."

सासूबाईंच्या हातातला चिमटा खाली आला. आत्यानं टोपी उकळत्या पाण्यात टाकली आणि मागच्या अंगणात गेली. तिच्या ओकाऱ्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना आत ऐकू येत होता. आतडी बाहेर पडतील असं ओकत होती. मग चूळ भरून आली, टोपी निवेपर्यंत थांबली, माझ्या हातात दिली आणि बायकांना म्हणाली, "बसा. जेवून जा." प्रज्ञा पुन्हा प्यायला लागली. सासूबाई बघत बसल्या होत्या, आणि पोर पोटभर पिऊन तिथंच झोपली तेव्हा त्यांनीच तिच्या अंगावर दुपटं घातलं.

पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं ती पीत असताना मी मध्येच टोपी काढून बघायला लागले. कितीदा ती रडली. एका दुपारी मात्र तिनं रडायच्या आत तोंड पुढे केलं आणि धरलं. नुसतं माझंच. तिचा तळहात माझ्या छातीवर पसरला होता. आत्यानं दारातून विचारलं, "लागलं का अंग?" मी मान हलवली. तिनं टोपी घेतली आणि चुलीत घातली. जळक्या रबराची घाण घरभर पसरली, शेजारणीनं ओरडून विचारलं काय जळतंय म्हणून. आणि आत्या चुलीपुढे बसून त्या धुरात डोळे पुसत हसत होती.

बाकी जगाची किळस तिला शेवटपर्यंत येत राहिली. तिचा स्वभाव बदलला वगैरे जे सभेत सांगितलं गेलं ते खोटं. फक्त प्रज्ञाचं उष्टं ती खायची. पोरगी अर्धी भाकर टाकून उठायची आणि आत्या ते ताट पुढ्यात ओढायची, डोळ्यांत कौतुक वगैरे काही न आणता. पुढे प्रज्ञा कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी बोथला आली की तिचं निम्मं जेवण झालं की ताट डावीकडे, आत्यापुढे सरकायचं. मला ते बघवायचं नाही. मला उष्ट्याची शिसारी येते, ती मी आत्याकडूनच घेतली.

पुण्यानुमोदन आटोपलं, माणसं पांगली. आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात जमिनीवर जेवायला बसलो. मी ती सबंध घासून घेतली होती. प्रज्ञानं अर्धी भाकर खाल्ली, पाणी प्यायली, आणि न बघता ताट डावीकडे सरकवलं. मग तिचा हात तिथंच राहिला.

"आई," ती म्हणाली, "आता हे कोन खाईन?"

"तूच," मी म्हणाले.

तिनं ताट परत पुढ्यात ओढलं. रडून रडून तिला गिळवत नव्हतं. पण ती खात राहिली, आणि ताट रिकामं होईपर्यंत उठली नाही.