लीग नको, पेरणी हाय!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. काढणीनंतर बांधावर काड पडतं तसे ते पडत राहतात आणि चहाला चार जण बसले की कुणीतरी उचलतंच. मानवतजवळच्या आमच्या गावात दरवर्षी अखिल भारतीय नॉकआउट फुटबॉल चषक भरतो. माइकवर मी असतो. पहिल्या वर्षी ‘अखिल भारत’ म्हणजे हैदराबाद, नागपूर आणि आम्ही! आता पार केरळची टीम येते.

*

चषक नॉकआउट का? लोकांना वाटतं, मोठ्या स्पर्धांचं बघून. छे! आमचं ग्राउंड म्हणजे बापूरावांचं साडेतीन एकर कोरडवाहू रान. सोयाबीन निघाल्यावर, हरभरा पेरायच्या आधी, ते आम्हाला मिळतं.

पहिल्या मीटिंगला शाळेतल्या पीटीच्या शेख सरांनी लीगचा मोठा तक्ता मांडला.

बापूरावांनी विचारलं, “किती दिस?”

“वीस.”

“वीस दिस वाफसा थांबत न्हाई, सर. ओल उडून जाती. लीग नको, पेरणी हाय! हरला की घरला, असं कायी न्हाई का तुमच्या खेळात?”

“है ना! उसीको नॉकआउट बोलते!”

*

एका सेमीफायनलला बरोबरी झाली. हैदराबादच्या रेफ्रींनी एक्स्ट्रा टाइम जाहीर केला. बापूराव काठी टेकत थेट मैदानात!

“अजून किती?”

“तीस मिनट, चाचा.”

बापूरावांनी मूठभर माती त्यांच्या तळहातावर ठेवली. “दाबून बघा. उद्यापस्तोर सुकती का न्हाई, तुमीच सांगा.”

रेफ्रींनी खरंच दाबून बघितली. मग शिट्टी वाजवली, “डायरेक्ट पेनल्टी!”

तेव्हापासून आमच्या नियमांत एक्स्ट्रा टाइम नाही.

*

एकदा मी बापूरावांना माइकवरच विचारलं, “बापू, तुम्ही कुणाच्या बाजूनं?”

“जे लवकर जिंकतेल त्यांच्या!”

*

बापूरावांच्या घरच्या अनसाकाकूंना मात्र नॉकआउट मुळीच पटत नाही. “एवढ्या लांबून आलेल्या लेकरांना एका म्याचवर वाटंला लावता? लाज वाटती का रे?” त्यामुळे हरलेली टीम काकूंकडं जेवल्याशिवाय गाव सोडत नाही.

केरळची टीम पहिल्यांदा आली ती पहिल्याच मॅचला हरली. पोरांनी दोन दिवस काकूंची पिठलं-भाकरी खाल्ली, शेजारच्या रानात हौसेनं कापूसही वेचला. पुढच्या वर्षी कॅप्टनचा फोन आला. मला वाटलं, बक्षीस विचारणार.

तो म्हणाला, “वो पिठलावाली अम्मा है ना? फिर हम आता है!”

*

यंदा परतीचा पाऊस लांबला. फायनल दोनदा पुढं ढकलली आणि रान पेरणीजोगं होऊन वाफसा नेमका फायनलच्याच दिवशी आला. त्यात वारं सुटलेलं. आज पेरलं नाही तर ओल जाणार, बी उगवणार नाही, बापूरावांचं सालाचं पीक बुडणार. दोन्ही टीमची रिझर्वेशनं दुसऱ्या दिवशीची!

सकाळीच शेख सर आणि मी बापूरावांकडं गेलो. सर म्हणाले, “बापू, तुम्ही पेरा. फायनल कॅन्सल.”

“काय बोलायलाव, सर? केरळातून पोरं आलेत. खेळू द्या.”

अशा माणसाच्या रानात आमचा चषक उभा आहे, त्याचे आभार मी माइकवर कधी मानले नाहीत. इथं मानतो.

मॅच कशी झाली विचारू नका. माझं सगळं लक्ष उन्हाकडं. केरळ दोन-एकनं जिंकलं. चषक घाईघाईनं दिला. गोलपोस्टचे बांबू दोन्ही गोलकीपरनीच उपटले.

तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला. शेजारपाजारच्या गावांतले पाच ट्रॅक्टर एकामागं एक रानात शिरले. पहिल्या दोन्हींना माती भुसभुशीत करणारे रोटाव्हेटर, मागच्या तिन्हींना पेरणीयंत्र.

बापूराव खुर्चीतून उठले. “कुणी बोलावलं रे तुमाला?”

पुढच्या ट्रॅक्टरवरचा गणपत म्हणाला, “कुणी न्हाई, बापू. आमी फायनल बघायला आल्तो.”

“हे आवजारं घिऊन?”

“सकाळी जोडलं हुतं. सोडायचं इसरलं.”

मागच्या चौघांचंही सोडायचं विसरलं होतं.