न शिवलेलं पान

ते पान आजही डोळ्यांपुढून जात नाही. वरण-भात, दोन वडे, थोडी खीर. मांडलं होतं ख्रिस्ती कबरस्तानात, एका ताज्या कबरीपाशी.

मनीषनगरात सकाळी सायकलवर निघालेल्या एका निवृत्त मास्तरांना टेम्पोनं उडवलं आणि चालक पळून गेला. मास्तर जागीच गेले. घटनास्थळाच्या पंचनाम्यात फुटलेल्या दिव्याची काच मिळाली, पण गाडीचा नंबर कोणीच पाहिला नव्हता. नऊ दिवस आम्ही गॅरेजं पालथी घातली. हाती काही लागेना. मी ठाण्याचा इन्स्पेक्टर, मूळचा तापट, हवालदारांना नको तेवढं बोललो.

दहाव्या दिवशी कबरस्तानाच्या चौकीदाराचा फोन आला. "साहेब, मास्तरच्या कबरीजवळ एक माणूस पान मांडून बसला हाये. कावळ्याले बोलावून राहिला. आमच्यात असं नाही करत जी."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो. माणूस तिशीचा, पारशिवनीकडचा, भाजीचा टेम्पो चालवणारा. ठाण्यात म्हणाला, मास्तर ओळखीचे होते. ते राहायचे कुठे, हे मात्र त्याला सांगता येईना. त्यांचं नाव त्यानं पेपरात वाचलं होतं. अशा माणसाला दरडावलं तर तो बोलत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. मी पोहे मागवले. त्यानं प्लेटला हात लावला नाही.

"कावळा शिवला का?" मी विचारलं.

तो ढसाढसा रडायला लागला. "नाही शिवला, साहेब. चार घंटे बसलो. ते मले माफ नाही करून राहिले."

मग सगळं बाहेर आलं. तासाभरात टेम्पो जप्त झाला. काच दिव्याला तंतोतंत जुळली.

मास्तरांच्या पत्नीला बोलावून घेतलं आणि पानाचं, कावळ्याचं सगळं सांगितलं. मला एकच धास्ती होती, ही देवभोळी बाई त्याला सोडून द्या म्हणून हट्ट धरणार. त्या त्याच्यासमोर बसल्या.

"थांबला काहून नाही रे?"

"घाबरलो, माय."

"मंग कावळ्याले काहून विचारत बसला? मले विचारायचं होतं." त्यांनी त्याच्या प्लेटमधले गार झालेले पोहे उचलून तोंडात टाकले. "घे, मी शिवली. माफ केलं तुले."

मी घाईघाईनं म्हणालो, "बाई, तक्रार मागे घेता येणार नाही."

"घ्याची कोणाले हाये?" त्या म्हणाल्या. "आमच्या देवानं माफी देली, पण पापाची शिक्षा पुसली नाही, साहेब. क्रुसावर सोताच्या अंगावर घेतली. मी काही देव नाही. याची शिक्षा यालेच भोगा लागन. पण एकट्यानं नाही."

त्याला शिक्षा झाली. बाई कोर्टातही हेच बोलल्या आणि पुढे दर महिन्याला, गुडघे दुखत असताना, तुरुंगात भेटीला जात राहिल्या.

न्याय करायचा तर दया बाजूला ठेवावी लागते, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या बाईनं दोन्ही धरलं आणि एकातही कसूर केली नाही.

तो सुटला तोवर मी निवृत्त झालो होतो. तरीही तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. बाई आधीच आल्या होत्या, हातात डबा. पोहेच होते. त्यांनी पहिला घास स्वतः खाल्ला आणि डबा त्याच्यापुढे धरला. या वेळी तो जेवला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.