सहा पूल आणि एक डबा

मी शेवगावात बावीस वर्षं मराठी शिकवतो आहे. मला पोहता येत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला इंडोनेशियापर्यंत जावं लागलं.

सहलवाल्याचा कागद आला. ‘एसी बस, बुफे ब्रेकफास्ट, सी व्ह्यू हॉटेल, तिसऱ्या दिवशी सहा पूल.’ एवढ्या इंग्रजीच्या मागोमाग आलेला ‘पूल’ मीही त्याच सुरात वाचला. म्हणजे पोहायचा. एका दिवसात सहा!

मी लगेच तिसगावला सासऱ्यांना फोन लावला. अण्णा सत्तरीचे. एके काळी काठावरून विहिरीत मुटका मारण्यात पंचक्रोशीत प्रसिद्ध, पण त्यांची विहीर आता उन्हाळ्याआधीच तळ दाखवते. सहलीला ते नाहीच म्हणत होते.

“सहाच्या सहा पान्यानं भरल्यालं?” त्यांनी विचारलं.

“काठोकाठ.”

“मग येतो. मरायच्या आधी एकदा अंगभर पानी मिळालं म्हंजी झालं.”

मला भरून आलं. “अण्णा, तुमच्याबरोबर मीही उतरेन,” असा शब्द देऊन बसलो.

विमानतळावर त्यांच्या पिशवीतून तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा निघाला. तपासणीवाला बराच वेळ त्यात डोकावत होता.

“अण्णा, हा कशाला?”

“तुमच्या पाठीला. आमी विहिरीत समदी पोरं अशीच पवायला शिकिवली.”

तिसऱ्या दिवशी बस थांबायच्या आतच त्यांनी डबा माझ्या पाठीवर दोरीने करकचून आवळला. स्वतः पंचा गुंडाळून, आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून उतरले. समोर निळं पाणी, हिरवीगार बेटं, आणि या बेटावरून त्या बेटावर तारांनी तोलून धरलेला भलामोठा रस्ता. गाईड हात पसरून म्हणाला, “ब्रिज नंबर वन!”

“आन् पूल कुठंय?” अण्णांनी विचारलं.

बायको माझ्याकडे बघत होती. “अहो, ब्रिजला मराठीत काय म्हणतात?”

मी अण्णांकडे वळलो. (उत्तर मला येत होतं.)

“अण्णा, डबा सोडता का?”

“तुमी शब्द दिलाय. उतरल्याबिगर गाठ सुटायची न्हाई.”

विहिरीवरची गाठ ती, दुसऱ्या कुणाला सुटेना. पुढचे सगळे पूल मी पाठीवर डबा घेऊन पाहिले आणि फोटोही तसेच निघाले. अण्णा मात्र खिडकीला नाक लावून बसले होते. “पान्यात खांबाचा पाया कसा घेतला आसंल? बेटावरची मानसं प्यायला पानी कुठनं आनत्यात?” बायकोने इंग्रजीत सांगितल्यावर गाईडने हे दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले.

सहाव्या पुलाखाली छोटा किनारा होता. अण्णांनी कुणाला न विचारता पंचा सोडला आणि सरळ आत गेले. मी गुडघाभर पाण्यात थांबलो. चार हात मारून ते उताणे झाले आणि डोळे मिटून तरंगत राहिले.

“कसं आहे पाणी?” मी ओरडलो.

“खारट हाय. पर लई हाय.”

बऱ्याच वेळाने ते आले, माझी गाठ सोडली आणि हळूच म्हणाले, “जावईबापू, शाळंत तुमी नक्की काय शिकिवता?”

“गणित,” मी म्हणालो. (सहाचा आकडा तरी बरोबर निघाला होता.)