डोक्याचा वास

काल नातीनं धडगावच्या बाजारातून मोहाच्या बियांचं तेल आणलं. बूच निघालं आणि त्या उग्र, कडवट वासानं मला सत्तर वर्षं मागे नेलं.

तेव्हा मी डोंगरातून सपाटीवरच्या शाळेत शिकायला उतरलो होतो. राहायलाही तिथंच. पावरा आदिवासींपैकी मी एकटाच. आईनं निघताना हेच तेल डोक्यावर थापलं होतं. पहिल्याच दिवशी शेजारचा मुलगा नाक धरून ओरडला, "गुरुजी, याना डोकाना वास ई ऱ्हायना!" गुरुजींनी मला उठवून दाराशी बसवलं.

त्या दिवसापासून मी रोज ओढ्यावर राखेनं डोकं घासू लागलो. वास गेला तरी माझं घासणं थांबेना.

होळीला आई न्यायला आली. जवळ घेऊन तिनं नेहमीसारखा माझ्या डोक्याचा वास घेतला आणि ती थबकली. मग तिनं केस बाजूला केले. खाली सगळ्या जखमा.

"कोणी मारलं?" तिनं आमच्या पावरी बोलीत विचारलं.

"कोणीच नाही," मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.