पुढे गेलेला अर्धा तास

ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटते. मी तेव्हा अकोल्यात फौजदार होतो. कापसाने माणसे टेकीला आलेली, बोगस बियाण्यांच्या तक्रारींनी ठाणे भरलेले. अशा दिवसांत बियाणे कंपनीचा एक मालक तणतणत आला. नव्या वाणाच्या चाचणीची माहिती कॉम्प्युटर ऑपरेटरने चोरली, त्याला आजच आत टाका, असे त्याचे म्हणणे.

पुरावा एकच. रोज दुपारी ऑपरेटर एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने हुकूम देणारी छोटी फाईल, चालवी. ती सुरुवातीची वेळ टिपून घेई, माहितीची प्रत काढी, शेवटच्या वेळेतून पहिली वजा करी आणि किती वेळ लागला ते पडद्यावर छापी. रोज दहा मिनिटे लागत. आदल्या दिवशी चाळीस छापून आली होती.

"उरलेल्या अर्ध्या तासात यानं दुसरी कॉपी काढली, साहेब!"

ऑपरेटरला बोलावले. पोरगा घामाघूम झाला होता.

"खुदाची कसम साहेब, म्या काही नाही केलं. मी जेवाले गेलतो. परवा माही शादी हाय. तिवस्याच्या मुलीवाल्याइले समजलं तं नातं तुटते."

खोटे बोलणारा माणूस वेळेचा हिशेब तयार ठेवतो. याच्याकडे तो नव्हताच. मी अटक थांबवली आणि पंचनाम्याला कंपनीत गेलो.

भिंतीवर तीन वाजले होते, माझ्या मनगटावर अडीच. बियाणे निवडणारी एक बाई हसली. "ते पुढंच असते साहेब. आमी उशिरा येऊ नये म्हनून शेठच ठेवते."

मी कॉम्प्युटरकडे पाहिले. तिथेही तीन!

"शेठजी, हे घड्याळ कोणी लावलं?"

"म्याच. भिंतीवर एक अन् कॉम्प्युटरवर दुसरं, असं कसं चालन?"

"कधी?"

"काल, हा जेवाले गेलता तवा..."

मी ऑपरेटरला स्क्रिप्ट सुरू करायला लावली आणि मध्येच घड्याळ अर्धा तास पुढे सरकवले. शेवटी पडद्यावर चाळीस मिनिटे आली. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या, माझा हवालदारही. ऑपरेटर मात्र रडत होता, आणि त्याचे रडणे पाहून मला फार बरे वाटले.

त्याने त्याच दिवशी स्क्रिप्ट बदलली. यंत्र सुरू झाल्यापासून किती वेळ गेला याची मोजणी आत आपोआप चालू असते; घड्याळ फिरवले तरी ती हलत नाही. स्क्रिप्ट आता तीच वापरू लागली. मीही धडा घेतला. वेळेचा पुरावा समोर आला की घड्याळ कोणी लावले, हे मी आधी विचारू लागलो.

लग्नाला मी तिवस्याला गेलो. वरात यायची होती, मांडव रिकामा होता. आत एकच पाहुणा नवरीच्या मामाबरोबर घाम पुसत सतरंज्या अंथरत होता.

"शेठजी, तुम्ही इतक्या लवकर?"

त्यांनी मनगट पुढे केले. घड्याळ अर्धा तास पुढे होते.

"आज मले उशीर होऊन चालला नसता, साहेब," ते म्हणाले, आणि सतरंजीचे दुसरे टोक माझ्या हातात दिले.